आषाढातली भिशी

केमिस्ट आला तो हातात १०० मिलीचं मोजपात्र घेऊनच. काचेचं, उभट, अंगावर रेघा मारलेलं, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचं तसलं. "नवं कोरं आहे, कारखान्यातलं नाही," हे त्याने ओल्या चपला काढायच्याही आधी सांगून टाकलं. वाइनच्या बाटलीत ७५० मिली, माणसं आठ, तळाचा गाळ सोडायचा. म्हणजे माणशी ९०. गेल्या खेपेला ओतायचं काम डॉक्टरकडे होतं आणि शेवटच्या दोघांच्या वाट्याला रिओहा या स्पॅनिश वाइनचा नुसता वास आला होता. त्या दोघांतला एक मी.

ही आमची वाइनची भिशी. भिशी हा शब्द माझ्या बायकोचा. खऱ्या भिशीत दर महिन्याला कुणाला तरी रक्कम लागते. आमच्यात कुणालाच काही लागत नाही, सहा महिने पैसे साठतात आणि एका रात्रीत संपतात. काटेकोर बोलायचं तर ही वर्गणी. पण तिने एकदा शेजारणीला "ह्यांची भिशी आहे आज" असं सांगितलं आणि तेच चिकटलं. आठ जण, महिना ३,००० रुपये. सहा महिन्यांचे १,४४,००० होतात. हा आकडा मी आज पहिल्यांदाच लिहून काढला आणि लिहिता लिहिता मागे वळून पाहिलं. माझे बाबा मंत्रालयात कारकून होते. दुधाचा, इस्त्रीचा, वाण्याचा हिशेब एकाच वहीत, बारीक अक्षरात. ते गेले, वही लिहायची सवय मला लागली. भिशीचे पैसे त्या वहीत 'किरकोळ' या खात्यात जातात.

मित्रांची नावं लिहीत नाही. त्यांनी तशी अटच घातलीय. एकाचे सासरे माळकरी आहेत आणि माझं लिहिलेलं नेमाने वाचतात. (काका, तुमचे जावई त्यातले नव्हेत.) तेव्हा डॉक्टर, केमिस्ट, बँकवाला आणि यजमान, एवढ्यावर भागवू. बाकीचे तिघे त्या रात्री फार बोललेच नाहीत.

वर्षातून दोनदा जमतो. हिवाळ्यातली बैठक कधीही ठरते, पण दुसरी आषाढातच. आषाढी एकादशी झाली की ग्रुपवर चुळबुळ सुरू होते, कारण श्रावण लागायच्या आत उरकायचं असतं. आठांतले तिघे श्रावण पाळतात. बाकीचे लोक गटारी साजरी करत असताना आम्ही जेव्हरे-शांबरतँ नावाची फ्रेंच बर्गंडी वाइन पितो, फरक एवढाच.

बाटल्या जमवणं हा वेगळाच उद्योग. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क लागत आलंय, वर राज्याचे कर. त्यामुळे ओळखीतला कुणी परदेशात निघाला की त्याच्या बॅगेवर आमचा डोळा. विमानतळावर माणशी दोन लिटरची मुभा. त्यात ७५० च्या दोनच बाटल्या बसतात, तिसरीने २५० मिली जास्त होतात. डॉक्टरने एकदा याच २५० मिलीवर कस्टमच्या साहेबाशी वाद घालायचा प्रयत्न केला होता. असो. प्यायचा परवाना मात्र सगळ्यांकडे आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात तो लागतोच. आजन्म परवान्याला १,००० रुपये पडतात, आमच्या सगळ्या व्यवहारातली सर्वांत स्वस्त गोष्ट.

यजमान ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. जुनी चाळवजा इमारत पाडून उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीत, आईसोबत. घर सीकेपी. म्हणजे जेवणाबद्दल तडजोड नाही. काकूंना तीन महिने आधीपासून सांगून ठेवलेलं की या वाइनला तिखट चालत नाही, मिरचीने तिचा तुरटपणा आणि जळजळ दोन्ही भडकतात. काकूंनी ऐकून घेतलं. "तिखटाशिवाय मटण हे पेशंटचं जेवण," म्हणाल्या, पण खिमा पॅटिस सौम्य केले. वालाच्या बिरड्यातही हात आखडता घेतला. सोड्याच्या, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीच्या, खिचडीबाबत मात्र काही ऐकलं नाही. आषाढात सोडे नाहीत तर कधी, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

बाहेर पाऊस. घोडबंदर रोडवरून यायला मला सव्वा तास लागला होता. नौपाड्याच्या त्या हॉलमध्ये एसी १८ वर, खिडक्या बंद, आणि तरीही जुलैतली ओल घरात होतीच. कपाटं, गाद्या, पेपरची रद्दी, सगळ्याला एक दमट वास. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल.

सुरुवात अकलूजच्या सेत्ते या वाइनने केली. डॉक्टरने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, इटलीची म्हणून फसवायचा बेत. सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ ही तिची द्राक्षं, म्हणजे निम्मं रक्त इटलीचंच. बँकवाल्याने एका घोटात ओळखली. त्याच्या मामाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, ऑक्टोबरातली गोडी छाटणी आणि फेब्रुवारीतली तोडणी यात त्याचं बालपण गेलंय. "उन्हाची वाइन आहे," एवढंच म्हणाला. ओळखली जाण्यात वाईट काही नव्हतं. सगळ्यांचे ग्लास रिकामे झाले.

मग इटलीची बारोलो. २०१० ची.

रंग पाहिला तर पातळ केलेल्या कोकम सरबताचा, कडेला जराशी विटकरी झाक. एवढ्या फिकट पाण्यात काय असणार, असं वाटतं. घोट घेतला आणि गालांच्या आतल्या बाजू कुणीतरी दोऱ्याने आवळल्या. जीभ टाळूला घासायला लागली. मी पहिल्यांदा बारोलो प्यालो तेव्हा मला वाटलं होतं वाइन खराब आहे. त्या वेळी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देण्यात आलं आणि त्यातून कळलं की याला टॅनिन म्हणतात, ते सालीतून आणि बियांतून येतं, लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा घालवतं. म्हणून तोंड कोरडं पडतं. आणि हेही की ही चव नव्हेच, हा स्पर्श आहे.

त्या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडलो होतो. चव नव्हे? आमच्याकडे सहा रस मोजतात आणि त्यातला एक कषाय, म्हणजे तुरट. गोड-आंबट-खारट यांच्या पंक्तीला तो सन्मानाने बसलेला आहे. मराठी घरात जन्मलेल्या पोराच्या जिभेवर आईच्या दुधानंतर काय जातं, तर बाळगुटी. सहाणेवर हिरड्याचे, बेहड्याचे वेढे. माझी टॅनिनशी ओळख तिथली. मग कच्ची जांभळं, मग पूजेतली चोरून चघळलेली सुपारी, मग डाळिंबाच्या दाण्यांमधला पिवळा पापुद्रा, मग टपरीवरचा तिसऱ्यांदा उकळलेला चहा. आणि बाबांच्या दाढीच्या डब्यातला तुरटीचा खडा. ओला, काचेसारखा, एका बाजूने झिजून खोलगट झालेला. पाचवी-सहावीत असताना मी तो चाटून पाहिला होता. बाबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, पाण्याचा पेला पुढे केला. पाण्याने ते जात नाही, हे त्या दिवशी कळलं.

बारोलो तशी आहे. पाण्याने जात नाही, खिमा पॅटिसने जाते. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला दुसरं काम देतात, मग तोंड मोकळं होतं. नेब्बिओलो हे तिचं द्राक्ष. नेब्बिया म्हणजे धुकं. पिएमाँतेच्या टेकड्यांवर ऑक्टोबरात धुकं उतरतं, तोवर हे झाडावरच असतं. कायद्याने बारोलो ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. पुस्तकं म्हणतात हिला डांबराचा आणि गुलाबाचा वास येतो. डांबर मला लगेच सापडलं, मे महिन्याच्या शेवटी गल्लीत रस्ता करतात तेव्हाचा तो वास. गुलाब सापडायला वीस मिनिटं लागली. तो बागेतला नव्हता, गुलकंदाच्या बरणीचं झाकण उघडल्यावरचा होता. मी तसं म्हटल्यावर डॉक्टरने परत ग्लासात नाक घातलं आणि मान हलवली. त्याला आधी 'सुकलेल्या पाकळ्या' येत होत्या. तोही पुस्तकातून आलेला.

बर्गंडी चांगली होती. तिच्याबद्दल मला कधीच काही लिहिता येत नाही.

रिओहा ग्रान रेझेर्वाला मात्र या वेळी माझा पूर्ण वाटा मिळाला. ती आली ती सुक्या खोबऱ्याचा वास घेऊनच. अमेरिकन ओकच्या पिंपात मुरते, आणि त्या लाकडात लॅक्टोन नावाची रसायनं असतात, केमिस्ट म्हणाला. खोबऱ्याच्या वासातही त्याच कुळातले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं, "खोबरं घातलंय का त्यात?" त्यांनी ग्लासाला हातही लावला नव्हता. याच रिओहाबरोबर सोड्याची खिचडी आली आणि आमची फजिती झाली. दुसऱ्या घासाला तोंडात लोखंडी खिळा चोखल्यासारखं. वाइनमधलं लोह आणि मासळीतली चरबी एकत्र आली की हा वास तयार होतो. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर प्रयोग करून हे दाखवलंय. आम्ही सोड्यांवर करून दाखवलं. ग्लास बाजूला ठेवून खिचडी संपवली. खिचडीचा दोष काहीच नव्हता.

आणि मग यजमान उठला आणि ती घेऊन आला.

ही बाटली भिशीची नव्हती, त्याची स्वतःची होती. फ्रान्समधल्या बोर्दोची पोयाक, २००० साल. शातोचं, म्हणजे ती करणाऱ्या घराचं, नाव घेत नाही, पुढे जे झालं त्यात त्यांना ओढण्यात अर्थ नाही. १८५५ च्या यादीतलं घर आहे एवढं सांगतो. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तेव्हाच्या बाजारभावावरून ती यादी केली, पाच वर्ग पाडले, आणि पहिल्या वर्गात त्यानंतर एकच बदल झाला: १९७३ मध्ये मुताँ रोथशिल्डला बढती मिळाली. ठाण्याच्या माणसाला १८५५ हे साल ध्यानात ठेवणं सोपं. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली, ती बोरीबंदर-ठाणे अंतर धापा टाकत तोडत होती, आणि त्यानंतर दोनच वर्षांत तिकडे दारूची मेरिट लिस्ट लागली.

यजमानाने ही बाटली २००६ मध्ये लंडनहून आणली होती. कंपनीने पहिल्यांदा परदेशी पाठवलं तेव्हाच्या भत्त्यातून, स्वेटरमध्ये गुंडाळून. वाइनचा फ्रिज घेतला २०११ मध्ये. मधली पाच वर्षं ती जुन्या घरात, काकूंच्या कपाटात, तळच्या खणात गोधड्यांच्या घडीत आडवी पडून होती. पाच उन्हाळे. हा खड्डा यजमानाच्या मनात कायम होता. "उघडू कधीतरी," म्हणायचा आणि विषय बदलायचा. मुलगी बारावी झाली तेव्हा उघडली नाही, नवं घर झालं तेव्हा नाही, वडिलांच्या पंच्याहत्तरीला तर बाहेर काढून परत ठेवली. या वर्षी तो स्वतः पन्नाशीचा झाला.

दोन दिवस उभी करून ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. जुनं बूच स्क्रूने चुरतं, त्यामुळे दोन पात्यांचं ओपनर. ती पाती बूच आणि काच यांच्या फटीत आळीपाळीने सरकवायची, मग पिळत वर ओढायचं. त्याचे हात थरथरत होते. बूच अखंड निघालं, आतलं टोक जांभळं-काळं, बाकी कोरडं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरून त्याने हळूहळू डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली, गाळाची पहिली रेघ मानेशी आली तसा थांबला. रंग सुरेख. केमिस्टने मोजून ९०-९० दिले.

मी नाक घातलं. पावसात भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं.

आधी वाटलं, घराचा वास. एवढी ओल आहे हवेत. ग्लास दूर नेला, परत आणला. पुन्हा पुठ्ठा. मागे फळ नाही, काही नाही. वर पाहिलं तर आठही माणसं ग्लास फिरवत होती आणि कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. बँकवाला म्हणाला, "रंग काय आहे पण." डॉक्टर म्हणाला, "थोडा वेळ देऊ या हिला." पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो त्या आवाजात. यजमान ग्लासात बघत होता. शेवटी तोच म्हणाला, "गोधड्यांत शिजली ना रे?"

मी काय बोलणार होतो मला माहीत नाही. बहुधा खोटं. केमिस्टने ते होऊ दिलं नाही.

"शिजलेली नाहीये," तो म्हणाला. "शिजली असती तर मुरंब्यासारखी लागली असती, बूच वर सरकलं असतं, बाहेर ओघळ आला असता. हे टीसीए आहे. दोन-चार-सहा ट्रायक्लोरोॲनिसोल." तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस आहे, नाव पूर्ण घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. झाड पंचविशीचं झालं की पहिल्यांदा सोलतात, पुढे दर नऊ वर्षांनी. त्या सालीवर क्लोरीनची संयुगं आणि बुरशी एकत्र आली की हे रसायन तयार होतं. लिटरला पाच नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ऑलिंपिकच्या तलावात मोहरीचे चार दाणे, असा हिशेब त्याने तोंडी करून दाखवला. याचाच ब्रोमीनवाला भाऊ लाकडी पॅलेटवरून औषधाच्या गोळ्यांना लागला होता आणि २०१० च्या सुमारास अमेरिकेत त्या गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या होत्या. आणि हे नुसतं वास मारत नाही, नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींनाच दाबून टाकतं, म्हणून फळ लागत नाही. तेही २०१३ मध्ये जपान्यांनीच शोधलंय.

यजमानाने एवढं सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने एकच विचारलं. "म्हणजे मी नाही बिघडवली?"

"बूच लावलं त्या दिवशी बिघडली. तू लंडनच्या दुकानात पैसे दिलेस तेव्हा अशीच होती."

यजमान खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा मी तीस वर्षं बघतोय, त्या क्षणी तो नक्की कसा झाला हे मला सांगता येत नाही; हसू होतं हे खरं. दारातून काकूंचा आवाज आला. "मग पाच वर्षं मी ती कशाला जपली? गोधड्या काढताना दर वेळी जीव मुठीत."

त्यानंतर हसून हसून डॉक्टरला ठसका लागला.

पण केमिस्टचं संपलं नव्हतं. टीसीएला पाण्यापेक्षा पॉलिथिन आवडतं, तो म्हणाला, घरात क्लिंग फिल्म आहे का? वहिनींनी रोल आणून दिला. त्याने खोक्यावरचं वाचलं. "ही पीव्हीसी. नको, हिच्यातलं वाइनमध्ये उतरेल. साधं पॉलिथिन, एलडीपीई पाहिजे." मग स्वतःच स्वयंपाकघरात गेला आणि दुधाची पिशवी घेऊन आला.

काकू दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमट्यांनी दोरीवर वाळवून, पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या करून रद्दीवाल्याला देतात. किलोचा भाव त्यांना तोंडपाठ आहे. केमिस्टने त्यातली एक घेतली, तीन बाजूंनी कापून सपाट केली, गरम पाण्याने पुन्हा धुतली, पुसली आणि गुंडाळी करून डिकँटरमध्ये सोडली. आम्ही आपापले ग्लास परत त्यात रिते केले. शातोच्या लेबलाशेजारी ते काचेचं भांडं, त्यात गडद लाल वाइन, आणि त्यात तरंगणारं निळ्या अक्षरांतलं 'गायीचे दूध'. छापील बाजू बाहेर आली होती. केमिस्टने जीभ चावली, पिशवी काढून बाजू उलटी केली आणि दुसऱ्या गड्डीतली नवी घ्यावी का याचा विचार करून शेवटी नवीच घेतली.

पंधरा मिनिटं तो ते भांडं हलक्या हाताने फिरवत होता. तेवढ्यात कुणीतरी गोडाचं निनावं कापलं.

दुसऱ्यांदा ओतली तेव्हा पुठ्ठा गेला होता. जवळजवळ. बाकीही बरंच गेलं होतं; वाइन होती पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखी. तुरटपणा तेवढा नीट शाबूत, पंचवीस वर्षांनी मऊ झालेला, सहाणेवर झिजलेल्या हिरड्याचा. आणि मग मला वाटतं, वाटतं म्हणतो, खात्री नाही, एकदा, ग्लास रिकामा झाल्यावर तळाला, पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो वास आला. पोयाकबद्दल सगळी पुस्तकं हेच लिहितात, त्यामुळे तो मी वाचलेला होता की हुंगलेला, सांगणं अवघड. मी यजमानाकडे ग्लास दिला. त्याने बराच वेळ नाकाशी धरला.

"शिसपेन्सिल?" तो म्हणाला.

मी काही सुचवलं नव्हतं.

निघायला साडेबारा झाले. पाऊस थांबला होता, ओला-उबरची शोधाशोध सुरू होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर काकू जाग्याच होत्या. ग्लास कुणी घासू नयेत, उद्या घासू, असं सगळ्यांना बजावून त्या स्वतः सिंकपाशी उभ्या होत्या, केमिस्टने कापलेल्या दोन्ही पिशव्या साबणाने धूत. एक चिमट्याला लावली. दुसरी, जी पंधरा मिनिटं आत होती ती, नाकाशी नेली, पुन्हा धुतली, पुन्हा नाकाशी नेली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"ही नको," म्हणाल्या. "रद्दीवाल्याला वास आला तर म्हणेल, काकूंकडे पितात."